अकरा अक्षरांचा फरक

तिच्या पायाला भिंगरी लागली आहे, असं ऑफिसात पहिल्या आठवड्यातच कोणीतरी म्हणालं. वर्ष संपेपर्यंत त्यातलं बाकीचं गळून पडलं आणि नुसतं 'भिंगरी' उरलं. शहराच्या आरोग्य खात्यात ती साथरोग निरीक्षक. एकाच रोगाचे चार पेशंट कुठे दिसले की त्यांच्या घरी जायचं, काय खाल्लंत, कुठे जेवलात ते विचारून फॉर्म भरायचा, रक्ताचा नमुना घ्यायचा आणि या चौघांच्या दुखण्याचं मूळ एकच आहे का, ते शोधत बसायचं. म्हणजे बसायचं नाहीच, शोधत फिरायचं. म्हणून तर काम तिला मानवलं. चहासुद्धा ती खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत प्यायची. मीटिंगमध्ये टेबलाखाली तिचा पाय असा हलायचा की शेजारच्याच्या कपातल्या चहावर लाटा उठायच्या. "अगं, तो पाय काढून कपाटात ठेवत जा मीटिंगपुरता," मोठ्या मॅडम एकदा म्हणाल्या. सगळे हसले. तीही हसली, पण पाय काही थांबला नाही.

घरी ती आणि तिची धाकटी बहीण, दोघीच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वडील घड्याळं दुरुस्त करायचे; दोन वर्षांपूर्वी ते वारले. आई त्याच्या कितीतरी आधी, भिंगरी अकरा वर्षांची आणि धाकटी चार वर्षांची असताना, घर सोडून निघून गेली होती. वडिलांनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती कायमची. "आई कुठेय?" असं धाकटीने विचारलं तेव्हा भिंगरीने "आई गेली" एवढंच सांगितलं, आणि 'गेली' या शब्दाचा धाकटीने आपल्या परीने अर्थ लावला. नऊ वर्षांची होईपर्यंत ती आई वारली असंच धरून चालली होती. तोवर तिची समजूत कोणी दुरुस्त केली नाही. तिची वेणी घालणं, बुटाची नाडी बांधणं, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या सहीसारखी सही ठोकणं, सगळं भिंगरीने केलं. आता धाकटी अठ्ठावीस वर्षांची होती आणि चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करायची. एक भिंगरी आणि एक भिंगवाली, असं शेजारी म्हणत.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी शहरात काविळीची साथ आली. बस डेपोच्या मागच्या वस्तीत एका महिन्यात चौसष्ट जण पिवळे झाले. मूळ फारसं शोधावं लागलं नाही. रस्ता खोदताना पाण्याचा पाइप फुटला होता आणि शेजारून गटार वाहत होतं. पाइप दुरुस्त झाला, पाण्यात औषध टाकलं, वर्तमानपत्रात फोटो आला. या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसायला पंधरा ते पन्नास दिवस लागतात. भिंगरीने कॅलेंडरवर पन्नासाव्या दिवसाभोवती लाल गोल काढून ठेवला. त्यानंतर नवा पेशंट यायला नको होता.

पण येत राहिले. एका आठवड्यात दोन, पुढच्या आठवड्यात तीन. मागचे काही धरून नऊ जण असे होते, की ज्यांचा बस डेपोशी काही संबंध नव्हता.

"साथीला शेपूट असतंच," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "गेले असतील कधीतरी त्या बाजूला. पाणी प्याले असतील."

"नऊच्या नऊ? एकजण तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो. त्याला डेपो कुठेय हेही माहीत नाही."

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

"म्हणणं काही नाही. डोक्यात किडा वळवळतोय."

"तो तुझ्या डोक्यात कायमचाच आहे," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी नऊही नमुने प्रयोगशाळेत पाठवायच्या कागदावर सही केली.

प्रयोगशाळेत विषाणूंची जनुकं वाचणारा एक शांत, गोल चेहऱ्याचा माणूस होता. दार उघडताना, खुर्चीवर बसताना, बाटली हातात घेताना, तो प्रत्येक वेळी स्वतःशीच "सावकाश" म्हणायचा. त्यामुळे त्याचं तेच नाव पडलं होतं. भिंगरी आणि सावकाश एका खोलीत आले की बघणाऱ्यांची करमणूक व्हायची. ती दर दोन दिवसांनी फोन करायची आणि तो दर वेळी तेच सांगायचा, की यंत्राला घाई केली तर ते रुसतं. आठव्या दिवशी त्याने आपणहून फोन केला. "या. फोनवर समजायचं नाही."

ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. पडद्यावर रंगीत अक्षरांच्या ओळीच ओळी होत्या.

"विषाणूच्या जनुकातला साडेचारशे अक्षरांचा एक तुकडा आम्ही वाचतो," सावकाश म्हणाला. "बसा ना."

"ठीक आहे मी अशीच. बोला."

"हे तुमच्या डेपोमागच्या चौसष्टांपैकी पंधरा. एकाचंही एक अक्षर इकडचं तिकडे नाही. म्हणजे सगळ्यांना एकाच ठिकाणाहून आलेला विषाणू. आता हे खालचे नऊ बघा. आपसात तंतोतंत सारखे. पण वरच्या पंधरांपासून अकरा ठिकाणी वेगळे."

"अकरा म्हणजे फार?"

"हा फार हळू बदलणारा विषाणू आहे. म्हणून तर मला आवडतो. दोन महिन्यांत त्याची अकरा अक्षरं बदलतील हे शक्यच नाही. हा वेगळ्या घराण्यातला, वेगळीकडून आलेला." त्याने चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुमच्याकडे एक साथ नाही. दोन आहेत. मोठीच्या पदराआड धाकटी लपली होती."

मग त्या नवांच्या मागे भिंगरी हात धुऊन लागली. सगळे एकोणीस ते चौतीस वर्षांचे. एक व्यायामशाळेत शिकवणारा, एक कॉलेजातली मुलगी, एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक सलूनवाला, एक नुकतीच बँकेत लागलेली, आणि असेच आणखी चार. घरं नऊ दिशांना. एक हॉटेल समान नाही, एक दुकान नाही, एक पोहण्याचा तलाव नाही. तिने सगळ्यांना पुन्हा विचारलं. मागच्या महिन्यात कुठे जेवलात? लोकांना परवाचं आठवत नव्हतं, मागचा महिना कुठून आठवणार? व्यायामशाळावाला वैतागून म्हणाला, "ताई, तुम्ही मागच्या वेळीही हेच विचारलंत. मी काय उत्तर बदलू का आता?" सलूनवाल्याला तर विचारताच येईना. त्याचं यकृत बिघडत चाललं होतं आणि तो दवाखान्यात अर्धवट शुद्धीत होता. काचेपलीकडे त्याची बायको नवऱ्याच्या चपला पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसलेली भिंगरीने पाहिली. बाहेर येऊन तिने त्या इमारतीला दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे तिला बस कोणती पकडायची ते आठवलं.

त्याच आठवड्यात बुधवारी सकाळी धाकटी आरशासमोर केस विंचरत होती. खिडकीतून स्वच्छ उजेड पडला होता. भिंगरी दात घासत मागून गेली आणि थबकली.

"इकडे बघ. डोळे दाखव."

"काही नाही गं, झोप झाली नाही."

"दाखव म्हणते ना."

डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा झाला होता. भिंगरीने तोंड धुतलं, पिशवीतून फॉर्म काढला, आणि दोघी स्वयंपाकाच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या. मळमळ? आठवड्यापासून. लघवीचा रंग? गडद. मग सांगितलं का नाहीस? तू घरी असतेस कधी?

"दर रविवारी बाहेर पडतेस, जातेस कुठे?"

"मैत्रिणीकडे."

"कोणती?"

"तू ओळखत नाहीस."

"तिथे काय खाल्लंस?"

"काही नाही खाल्लं. लिही ना, काही नाही." धाकटीने टेबलावरचा डाग नखाने खरवडायला घेतला. लहानपणी खोटं बोलताना ती हेच करायची. भिंगरीने ते पाहिलं, आणि तरी 'काही नाही' असं लिहिलं. तिला वाटलं, असेल कोणी मुलगा. असू दे. सांगेल सवडीने.

मंगळवारी सावकाशचा फोन आला. "तुमच्या नवांत आणखी एक भर. दहावी. अक्षराला अक्षर." त्याने नमुन्याचा क्रमांक सांगितला. क्रमांक भिंगरीनेच बाटलीवर चिकटवला होता, त्यामुळे नाव विचारायची गरज नव्हती. व्यायामशाळावाला, लिफ्टवाला, सलूनवाला आणि आपली धाकटी, हे सगळे कधीतरी एकाच ठिकाणी गेले होते, एकाच नळाचं किंवा एकाच हातचं काहीतरी त्यांच्या पोटात गेलं होतं, आणि ते ठिकाण धाकटीला माहीत होतं.

मोठ्या मॅडमनी नियमावर बोट ठेवलं. "घरच्या पेशंटची चौकशी तू करायची नाहीस. दुसऱ्याला पाठवते." दुसरा निरीक्षक गेला, तास बसला, आणि तीच उत्तरं घेऊन आला. मैत्रीण. काही खाल्लं नाही. मैत्रिणीचा पत्ता? आठवत नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. घरात भिंगरी तो विषय काढायचा नाही म्हणून जिभेला गाठ मारून वावरत होती. तिने दोन वेळा फडताळ आवरलं, नळाचा वायसर बदलला, धाकटीसाठी मऊ भात केला आणि तो तिने खाल्ला नाही म्हणून स्वतःच उभ्या उभ्या संपवला. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडून होती. शुक्रवारी दुपारी दवाखान्यातून निरोप आला, की सलूनवाल्याला कृत्रिम श्वासावर ठेवलंय. भिंगरी ऑफिसातून उठली ती तडक घरी आली.

"नियम गेला चुलीत," दारातूनच ती म्हणाली. "रविवारी कुठे जातेस तू?"

"सांगितलंय मी."

"तुझ्या रक्तातला विषाणू आणखी नऊ जणांच्या रक्तात आहे. जसाच्या तसा. त्यातला एक मरणाच्या दारात आहे, चौतीस वर्षांचा. ते ठिकाण अजून उघडं असेल तर आजही तिथे कोणीतरी ते पोटात घालत असेल. मला तुझं लफडं असेल तर त्याच्याशी देणंघेणं नाही. मला फक्त पत्ता दे."

"लफडं नाहीये."

"मग काय आहे?"

धाकटी उठून बसली. तिला चक्कर आली तशी तिने पलंगाची कड धरली. "आईकडे जाते मी."

भिंगरी खोलीभर फिरत होती, ती जागच्या जागी थांबली.

"पाच महिने झाले," धाकटी म्हणाली. "दुकानात आली होती, चष्म्याची काडी तुटली म्हणून. मी पावती लिहायला नाव विचारलं. अजून बाबांचंच नाव लावते ती. पत्ता वृद्धाश्रमाचा. तिथे ती कपडे धुवायच्या विभागात कामाला होती, आणि थकल्यावर त्यांनी तिला तिथेच खोली दिली. मी काही बोलले नाही, नुसती काडी लावून दिली. मग दुसऱ्या रविवारी गेले. तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस?"

"नाही."

"मग?"

भिंगरीने विचारलं, आणि तिचा आवाज फॉर्म भरतानाचा होता, "तिथे गेल्यावर तुला काय देतात?"

"काय देणार? लिंबूपाणी. आल्या-गेल्या प्रत्येकाला दारातच देतात. मोठं पिंप असतं."

"आणि तिथे कोणी आजारी आहे? कावीळ?"

"कोणी नाही. ठणठणीत आहेत सगळी म्हातारी."

भिंगरी एकदम पलंगावर बसली. या काविळीचं एक आहे, एकदा होऊन गेली की जन्मात पुन्हा होत नाही. आश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या लहानपणी ती घरोघर होती. सगळ्यांना ती कधीच होऊन गेलेली. तिथलं पाणी नासलं तरी त्यांना काही होणार नव्हतं. पिवळे होणार होते ते बाहेरून येणारे तरुण, आणि ते घरी जाऊन शहरभर विखुरणार होते. नऊ दिशांना.

तिने तिथूनच फोन लावले. बँकवालीची आजी त्या आश्रमात होती. कॉलेजातली मुलगी शनिवारी तिथे वाचून दाखवायला जायची. लिफ्टवाला लिफ्ट दुरुस्त करायला दोनदा गेला होता. व्यायामशाळावाला गुडघ्यांचे व्यायाम शिकवायचा. संध्याकाळपर्यंत आठांनी 'हो' म्हटलं. सलूनवाल्याच्या बायकोने सांगितलं, की हे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिथे केस कापायला जायचे, हौसेने, नुसते असेच.

"मग मला सांगितलं का नाहीत तुम्ही?" भिंगरीने व्यायामशाळावाल्याला विचारलं.

"तुम्ही कुठे जेवलात ते विचारलंत, ताई. मी तिथे जेवलो नाही. पाणी प्यालो."

त्याचं काही चुकलं नव्हतं.

शनिवारी मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तू जाऊ नकोस तिकडे. मी माणसं पाठवते." भिंगरी म्हणाली, "माणसं पाठवा. मीही जाते." मॅडमनी स्वतःच गाडीची किल्ली उचलली.

आश्रम म्हणजे दोन मजली लांबट इमारत, मागे अंगण, अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी. भिंतीपलीकडे प्रवाशांचं एक गेस्ट हाउस होतं आणि त्याचा मैल्याचा पाइप भिंतीला लागूनच जात होता. टाकी उपसल्यावर आतल्या भिंतीला बोटभर रुंद तडा दिसला. त्या बाजूचं सिमेंट काळं पडलं होतं आणि हात लावल्यावर ओलं लागत होतं. व्यवस्थापक हात चोळत म्हणाला, "पण आमच्याकडे तर कोणाला साधं पोटही बिघडलेलं नाही." मॅडम त्याला समजावून सांगत राहिल्या. भिंगरीने टाकीतून आणि गेस्ट हाउसच्या चेंबरमधून नमुने घेतले, झाकणं लावली, नावं लिहिली, आणि हात धुवायला आत गेली.

व्हरांड्यात एक बाई फिरत होती. सडपातळ, पांढरे केस, काळ्या काडीचा चष्मा. या टोकाला जायची, वळायची, त्या टोकाला जायची. बाकावरचा एक म्हातारा ओरडला, "अहो बसा की! तुमच्याकडे बघून मला दम लागतो." ती हसली नाही. वळताना तिला भिंगरी दिसली. तिच्या हातातली पिशवी, गळ्यातलं ओळखपत्र, मग तोंड. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"धाकटी दोन रविवार आली नाही," ती म्हणाली. "बरी आहे ना?"

चोवीस वर्षांनी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. भिंगरीने मनात कितीतरी भांडणं तयार ठेवली होती. त्यातलं एकही या वाक्याला लागू होईना.

"कावीळ झालीय. इथल्या पाण्याने."

आईचा हात तोंडाकडे गेला. "मीच द्यायचे तिला. उन्हातून यायची म्हणून दोन-दोन ग्लास." ती पुन्हा चालायला लागली, आणि भिंगरी नकळत तिच्या बरोबरीने. "जास्त आहे का? उलट्या होतात? औषध काय चालू आहे?"

"विश्रांती. उतरतेय आता." व्हरांड्याचं टोक आलं. दोघी वळल्या. "का गेलीस तू?"

"सांगण्यासारखं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं," आई म्हणाली. "घरात जीव घुसमटायचा. तुझे वडील वाईट नव्हते. दिवसभर घड्याळं टिकटिकायची आणि मी भिंतीला हात लावत फिरायचे. लांबच्या गावी टेलिफोन खात्यात तीन महिन्यांचं काम होतं. वाटलं, तीन महिने मोकळा श्वास घेते आणि येते. तीन महिन्यांचे सहा झाले. मग यायची लाज वाटायला लागली, आणि लाजेचं असं आहे की ती दर महिन्याला वाढते."

"पत्र टाकायचं."

"टाकलं एक. उत्तर नाही आलं."

वडिलांनी ते पत्र कधी दाखवलं नव्हतं. बाहेरून मॅडमनी हाक मारली आणि भिंगरी सुटल्यासारखी निघाली.

मॅडमनी आश्रमाचं पाणी बंद करायचा आदेश काढला. टाकी तोडून नवी बांधेपर्यंत महिना लागणार होता. तोवर ज्यांना नातेवाईक आहेत त्यांनी आपापली माणसं घरी न्यावीत, असं त्यातच लिहिलं होतं. आदेशाचा मसुदा भिंगरीने स्वतः टाइप केला. ते वाक्य तिने पूर्ण केलं, वाचलं, आणि मगच तिच्या ध्यानात आलं, की ते आपल्याही घराला लागू आहे.

"मी हिंडू-फिरू शकत असते तर मीच गेले असते आणायला," धाकटी पलंगावरून म्हणाली. एवढंच.

अशी आई एका पिशवीनिशी तिसऱ्या मजल्यावर आली. दोन खोल्यांत एक आजारी आणि दोन न बसणाऱ्या. भिंगरीने पहाटे उठून ओटा पुसायला जावं तर तो पुसलेला असायचा. आईने खिडकीत जाऊन उभं राहावं तर तिथे भिंगरी. एकमेकींना वाट देण्यात दिवस जायचे. एकदा दोघींनी एकदमच धाकटीची उशी सरळ करायला हात घातला आणि ती कावून म्हणाली, "तुम्ही दोघी जरा खाली जाऊन या बरं. मला गरगरतंय." दोघी जिना उतरल्या, न बोलता चार गल्ल्या फिरल्या, आणि पाव घेऊन परत आल्या. भांडणही झालं. भांड्यांच्या जागा बदलल्या म्हणून भिंगरी कडाडली, "हे माझं घर आहे!" आई म्हणाली, "माहीत आहे," आणि सगळी भांडी होती तशी लावून ठेवली. त्या दिवशी भिंगरी ऑफिसात कोणाशी धड बोलली नाही.

आश्रमात भेटायला येणाऱ्यांच्या सह्यांची वही घेऊन खात्याने ज्यांना शक्य होतं त्या सगळ्यांना लस टोचली. भिंगरीलाही टोचली. सावकाशला टाकीच्या पहिल्या नमुन्यात काही सापडलं नाही. त्याने पुन्हा, भरपूर पाणी गाळून पाहिलं, आणि टाकी व गेस्ट हाउसचा चेंबर या दोन्हीत तोच विषाणू निघाला, अकरा अक्षरांसकट. कोणा प्रवाशाने आणला असेल; तो कोण हे कधीच कळणार नव्हतं. "इतकं पुरे," सावकाश म्हणाला. भिंगरीला ते पुरत नव्हतं, पण त्यापुढे वाट नव्हती.

सलूनवाला गेला. आश्रम बंद झाल्याच्या सहाव्या दिवशी, दुपारी. भिंगरी त्याच्या घरी जाऊन आली. तिथे ती अर्धा तास बसली होती, असं नंतर मॅडमना कळलं तेव्हा त्यांना ते खरं वाटलं नाही.

आणि महिना संपता संपता एक नवी पेशंट आली, बावीस वर्षांची मुलगी. आत्याला भेटायला ती आश्रमात गेली होती. वहीत सही करायला विसरली, म्हणून लशीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

धाकटी तोवर हिंडायला लागली होती. बातमी तिला फोनवरच्या बोलण्यातून कळली. तिघी जेवायला बसल्या होत्या तेव्हा तिने विचारलं, "ताई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

आईने घास खाली ठेवला. भिंगरीला तारखा पाठ होत्या. 'काही फरक पडला नसता' एवढं म्हटलं की झालं असतं.

"सलूनवाल्याला फरक पडला नसता," ती म्हणाली. "तो त्याआधीच आजारी होता. या मुलीला पडला असता. मी बुधवारी तुझा फॉर्म भरला, ती त्यानंतरच्या रविवारी तिथे गेली."

"अगं, हे सांगायलाच हवं होतं का?" आई म्हणाली.

"तिने विचारलं."

धाकटी उठली, तिने हात धुतले आणि पुढच्या खोलीत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी तिने भिंगरीकडून त्या मुलीचा पत्ता मागितला. नियमात बसत नव्हतं, म्हणून भिंगरीने आधी त्या मुलीला फोन करून विचारलं. मुलगी म्हणाली, येऊ दे, कंटाळलेच आहे. धाकटी गेली, आणि तीन तासांनी आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, पण पुढच्या दोन आठवड्यांत ती तिथे तीनदा जाऊन आली. ती मुलगी बरी झाली.

नवी टाकी बांधून झाली तशी आई परत गेली. खात्याच्या फॉर्मवर मॅडमनी एक प्रश्न वाढवला: गेल्या पन्नास दिवसांत तुम्ही कोणाला भेटायला गेलात का, आणि तिथे काय प्यालात?

धाकटी रविवारी जाते. भिंगरीचं ठरलेलं नाही. कधी कामावरून परतताना जाते, व्हरांड्यात आईबरोबर फिरते आणि निघते. माफ वगैरे तिने काही केलेलं नाही, आणि आईनेही मागितलेलं नाही. परवा आई टेलिफोन खात्यातल्या त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल सांगत होती. तिथे तिला वसतिगृहात खोली मिळाली होती आणि पहिल्या दिवशी तिने पलंग ओढून खिडकीपाशी नेला, असं ती सांगतेय एवढ्यात भिंगरीचा फोन वाजला. एका शाळेत सात मुलांना उलट्या.

"मला निघायला हवं," भिंगरी म्हणाली. "पुढचं नंतर सांग."

"नंतर म्हणजे कधी?"

भिंगरीने पिशवी खांद्याला लावली. "गुरुवारी. साडेपाचला."

गुरुवारी ती पावणेसहाला पोचली.